पडवी पाडून पोर्च बांधला, आणि ओटीच्या भिंतीत पाणी शिरलं: एका घराचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतलं हे घर बांधून पन्नास वर्षं तरी झाली असतील. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, चिरे मातीत रचलेले, वर मंगळूरी कौलं, घराचं तोंड पश्चिमेला. मुंबईच्या मुलाने पुढची पडवी पाडून तिथे आरसीसीचा पोर्च घातला. २४ फूट लांब, १२ फूट रुंद, पुढे चार खांब, वर सपाट स्लॅब आणि स्लॅबला शोभेचा फूटभर कठडा. खाली भराव घालून ओटीच्या बरोबरीने गुळगुळीत टाइल्स. गणपतीत माणसं बसायला ऐसपैस जागा झाली, झोपाळा लागला, आणि त्याच पावसाळ्यापासून ओटीची पुढची भिंत भिजायला लागली.

मला बोलावलं तोवर दोन पावसाळे उलटून तिसरा अर्धा झाला होता. मधल्या काळात उपाय काही कमी झाले नव्हते. पहिल्या वर्षी स्लॅब आणि भिंतीच्या मधली भेग सिमेंटच्या घोलाने भरली. दुसऱ्या वर्षी अख्ख्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला आणि आतून ‘ओलरोधक’ रंग काढला. तिसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावातून आलेल्या एकाने भिंतीखालून जमिनीची ओल वर चढते असं सांगितलं आणि भिंतीला खाली ओळीने भोकं पाडून रसायन सोडायचा भाव दिला. तो भाव ऐकून घरचे काका थबकले होते. “ह्या पाणी खंयसून येता, ताच कळना नाय,” एवढंच ते म्हणाले. प्रश्न नेमका तोच होता. पाणी कुठून येतं हे ठरायच्या आधीच दोन वर्षं उपाय झाले होते आणि तिसऱ्याचा भाव आला होता.

भिंत काय सांगत होती

ओटीत शिरून दरवाज्याकडे वळून उभं राहिलं की ओल दोन ठिकाणी दिसायची. एक वर, साधारण नऊ फुटांवर, भिंतीच्या लांबीभर आडवी पसरलेली. तिच्या कडेला एकाखाली एक तपकिरी रेषा, दर पावसाळ्याची एक, आणि मधूनमधून चिऱ्यातली लाल माती घेऊन उतरलेले तांबूस ओघळ. दुसरी ओल खाली, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी. तिथे लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार, लागून गिलाव्याची भुकटी होत होती, आणि ओलरोधक रंगाचे पोपडे तळहाताएवढे सुटून लोंबत होते. या दोहोंच्या मधे चारएक फुटांचा पट्टा खणखणीत कोरडा. बोटाच्या पेराने ठोकत गेलो तर वर बद्द आवाज, मधे खणखणीत, खाली पुन्हा बद्द.

या कोरड्या पट्ट्याने अर्धं काम केलं. जमिनीची ओल चढत असती तर ती खालून वर कमी कमी होत गेली असती, नऊ फुटांवर पुन्हा उगवली नसती. सगळं पाणी स्लॅबच्या सांध्यातून येत असतं तर मधला भाग कोरडा ठेवून ते गुडघ्याशी कसं पोचलं? म्हणजे वाटा दोन होत्या आणि आजवरचा प्रत्येक उपाय एकच वाट धरून झाला होता.

फोनवर मुलाचं म्हणणं तिसरंच होतं. घर वर्षातले महिनोन्‌महिने अर्धं बंद असतं, पावसाळ्यात हवा दमट, म्हणून भिंत घामेजते. ही शंका काही वेडगळ नाही, आणि ती फेडायला महागडं यंत्रही लागत नाही. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद वरच्या ओलीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला आणि दोन दिवसांनी पाहिला. थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले होते. खोलीच्या दमट हवेचं पाणी असतं तर ते कागदाच्या बाहेरच्या अंगाला धरलं असतं. हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो, रंगवाल्याला बोलावण्याआधी तरी जरूर करावा.

दरवाज्याची चौकट फणसाची. उजव्या खांबाच्या पायाशी पेचकस टेकवला तर जोर न लावता बोटभर आत गेला. वाळवीची मातीची नळी टाइलच्या फटीतून थेट चौकटीत चढली होती.

पडवी होती तेव्हा काय होतं

कोकणातलं जुनं घर नीट पाहिलं तर त्याच्या छपराला भिंतीशी सांधा जवळजवळ नसतोच. आढ्यावरून निघालेला उतार माजघरावरून, ओटीवरून आणि पुढे पडवीवरून एकसलग खाली येतो आणि पागोळ्या थेट अंगणात पडतात. ओटीची पुढची भिंत त्या छपराच्या पोटात असते. तिला पाऊस माहीत नसतो, फार तर एखाद्या झडीचे तुषार. म्हणूनच ती मातीत रचलेली चालायची आणि बाहेरून पातळ गिलावा पुरायचा. चिरा हा दगड सच्छिद्र, पाणी भरपूर पितो. भारतीय मानकातही जांभ्याच्या चिऱ्याला वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. पूर्वीच्या लोकांनी भिंतीला पाणी न पिण्याची ताकद देण्याऐवजी पाणीच तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

पडवी पाडताना वासे भिंतीच्या वीतभर पुढे कापले. त्या खाली स्लॅब आला. स्लॅबचा माथा आणि कापलेल्या कौलांची कड यांच्यामधे भिंतीची जेमतेम दीड फुटाची पट्टी उघडी राहिली. जिने पन्नास वर्षांत पाऊस पाहिला नव्हता ती भिंत एकदम पश्चिमेच्या झडीला तोंड देत उभी राहिली, आणि तिच्या पायाशी, वीतभर अंतरावर, मागच्या सगळ्या छपराच्या पागोळ्या आदळू लागल्या.

या पाण्याचा हिशेब करून पाहिला तेव्हा घरच्यांनाही धक्का बसला. आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं अंतर १६ फूट, लांबी २४ फूट, म्हणजे साधारण ३६ चौरस मीटर छप्पर. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार पाऊस, आणि जुलैत असे दिवस इकडे नवलाचे नसतात. १०० मिलिमीटर धरला तर त्या एका दिवसात छपरावरून साडेतीन हजार लिटर पाणी भिंतीच्या कडेला पडतं. खुद्द स्लॅबवर पडणारं पाणी वेगळं, तेही अडीच हजार लिटरच्या वर. हे सगळं बाहेर जायला कठड्यात दोन इंची दोन नळ्या, त्याही स्लॅबच्या पातळीपेक्षा इंचभर वर बसवलेल्या. कठड्याने पोर्च ‘बंगल्यासारखा’ दिसतो हे खरं, पण त्याने स्लॅबचं तळं होतं.

पाणी घालून पाहणं

ऑगस्टमध्ये निदान पक्कं करता येत नाही. भिंत आधीच भिजलेली असते, कुठलंही पाणी ओतलं तरी त्याचा माग लागत नाही. म्हणून तेव्हा एवढंच केलं की कौलांच्या खालून ताडपत्री घेऊन ती दीड फुटाची पट्टी आणि स्लॅबचा भिंतीलगतचा तीनेक फूट भाग झाकला आणि वर चिरे ठेवले. आठवड्याभरात वरची ओल पसरायची थांबली. खालची मात्र तशीच राहिली. दोन वाटांचा तर्क इथेच बराचसा खरा ठरला होता.

खरी तपासणी एप्रिलमध्ये, भिंत वाळल्यावर. पाण्याच्या तपासणीत एक शिस्त पाळावी लागते. खालून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच जागा भिजवायची. वरून पाइप सोडला की पाणी ओघळत सगळ्याच फटींवरून जातं आणि आत दिसलेला डाग नेमका कुणाचा ते कळत नाही.

आधी खाली, पोर्चच्या टाइल्सवर, दरवाज्यासमोर पाइप धरला. तासाभरात उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात फरशीचा सांधा काळपट झाला. वर स्लॅबवर तेव्हा थेंब नव्हता. म्हणजे खालची ओल वरून उतरत नव्हती आणि जमिनीतूनही चढत नव्हती. ती पोर्चच्या जमिनीवरून सरळ आडवी आत येत होती.

भिंत पुन्हा कोरडी होऊ दिली. मग स्लॅबवर भिंतीपासून सहा इंच सोडून ओल्या मातीचा बांध घातला आणि पुढे पाणी तुंबवलं. रात्रभर ठेवलं तरी आत काही नाही, स्लॅबच्या पोटालाही ओल नाही. स्लॅब निर्दोष निघाला. त्याच्यावर दुसऱ्या वर्षी दिलेला लेप वाया गेलेला खर्च होता. नंतर बांध काढून पाणी भिंतीला टेकू दिलं. तेव्हा आत दरवाज्याच्या वरच्या अंगाला ओलीचा ठिपका दिसायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरला.

शेवटी, पुन्हा वाळल्यावर, पाणी साचू न देता फक्त त्या दीड फुटाच्या पट्टीवर बारीक फवारा. त्या दिवशी आत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भिंतीवर मंद, पसरट ओल उमटली, रेषा नसलेली. ही तिसरी वाट. भेगेतलं पाणी धावत येतं, चिऱ्यात मुरलेलं चालत येतं. भेग कितीही छान बुजवली असती तरी हे मुरलेलं पाणी भेगेच्या मागून, भिंतीच्या पोटातून खाली उतरतच राहिलं असतं. पहिल्या वर्षीचा उपाय का फसला त्याचं एक कारण हे.

भेग पुन्हा पुन्हा का पडते

दुसरं कारण बांधकामातच होतं. स्लॅबची मागची कड जुन्या भिंतीत चार इंच खाच मारून बसवलेली, पुढची बाजू नव्या भरावात उभ्या केलेल्या खांबांवर. जुनी भिंत बसायची तेवढी केव्हाच बसून गेलेली. नवे खांब अजून बसताहेत. पुढची बाजू किंचित जरी खाली गेली तरी मागे स्लॅब वरच्या अंगाने ओढला जातो आणि भेग वर तोंड करून उघडते, म्हणजे नेमकी पाण्याकडे. दक्षिणेकडच्या टोकाला ती नख अडकेल एवढी होती, उत्तरेकडे केसाएवढी.

भराव पूर्ण बसला तरी हालचाल थांबत नाही. काँक्रीट तापलं की वाढतं, निवलं की आकसतं. १२ फुटांच्या स्लॅबच्या तापमानात २५ अंशांचा फरक पडला तर तो सुमारे १ मिलिमीटर सरकतो, आणि उन्हातल्या उघड्या स्लॅबला एवढा फरक सहज पडतो. अशा हलत्या फटीत सिमेंट भरलं तर ते एका बाजूला धरून ठेवतं आणि दुसऱ्या बाजूने सुटतं. भेग मिटत नाही, दोन सूत सरकते.

इथे गवंड्याशी माझी चांगलीच जुंपली. स्लॅब आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर घोटलेली पट्टी, मारल्याशिवाय काम पुरं झालं असं आपल्याकडच्या कुठल्याच गवंड्याला वाटत नाही. “वाटो मारूकच होयो,” यावर तो ठाम. आणि गच्चीवर त्याचं म्हणणं बरोबरच असतं, कारण तिथे स्लॅब आणि कठडा एकत्र हलतात, पाणी कोपऱ्यात थांबू न देता वाटा ते उतारावर लोटतो. इथे मात्र दोन बाजू दोन वेगळ्या बांधकामांच्या होत्या. त्यांच्यामधे सिमेंटचा कडक वाटा म्हणजे पुढच्या वर्षीची भेग आत्ताच ठरवून ठेवणं. शेवटी कठड्याच्या बाजूंना त्याला हवे तसे घोटून वाटे मारू दिले आणि भिंतीच्या बाजूला नाही, अशी तडजोड झाली.

काय केलं

माझा पहिला सल्ला वेगळा होता. कठडा पूर्ण काढायचा आणि कापलेल्या कौलांखालून पत्रा काढून तो स्लॅबच्या पुढच्या कडेपलीकडे न्यायचा, म्हणजे जुना एकसलग उतार परत आला असता आणि सांध्याचा विषयच संपला असता. पण कौलांच्या कडेपासून स्लॅबपर्यंत उंची जेमतेम दीड फूट, १२ फुटांत एवढाच उतार मिळाला असता आणि पश्चिमेचा वारा पत्र्याखाली घुसला असता. शिवाय काकूंना मे महिन्यात आमसुलं आणि फणसपोळ्या वाळवायला तो स्लॅब हवा होता. घरच्यांनी नाही म्हटलं. त्यांचं घर, त्यांचा स्लॅब.

मग ठरलं ते असं की सांधा चिकटवण्याच्या नादी न लागता तो वरून झाकायचा. आणि ती दीड फुटाची भिंत पुन्हा पावसाआड करायची.

पागोळ्यांपासून सुरुवात केली. कापलेल्या वाशांना सहा इंची पन्हळ लावली, दक्षिणेकडे उतार देऊन, आणि तिचा पाइप स्लॅबवर न सोडता थेट जमिनीपर्यंत उतरवला. एवढ्यानेच स्लॅबवरचं निम्म्याहून जास्त पाणी कमी झालं. पुढचा कठडा तोडला आणि तिथे नुसते पाइपचे गज लावले, म्हणजे पाणी पूर्ण २४ फुटांतून बाहेर पडू शकतं. या कठड्यावर मुलगा बराच नाराज होता. शेवटी दोन्ही बाजूंचे कठडे शाबूत ठेवले.

स्लॅबवरचा जुना दोन इंची थर खरवडून काढला आणि भिंतीकडून पुढे ८० ला १ असा उतार काढून नवा थर घातला. १२ फुटांत पावणेदोन इंचांची उतरंड. जुन्या थरावरच नवा चढवणं गवंड्याला सोपं होतं, पण स्लॅबवर आपण नुसतं वजन चढवत राहतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. सिमेंटच्या दर सेंटिमीटर जाडीला चौरस मीटरमागे वीस-बावीस किलो भार वाढतो, आणि हा स्लॅब किती सळीचा आहे हे सांगणारं कागदपत्र कुणाकडे नव्हतं.

सांध्यावर ग्राइंडरने पाऊण इंचाची सरळ खाच पाडली, आतला आधीच्या वर्षीचा सिमेंटचा चुरा ब्रशने आणि ब्लोअरने पूर्ण काढला. खाचेत फोमची गोल दोरी दाबून बसवली आणि तिच्यावर पॉलियुरेथेनचं सीलंट भरलं. दोरी कशाला, असं काकांनी विचारलं. सीलंट खाचेच्या तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला मोकळीक राहत नाही, ते मधेच फाटतं. दोरीमुळे ते फक्त दोन बाजूंना धरतं आणि रबरासारखं ताणतं. मग वॉटरप्रूफिंगचा लेप, जाळीची पट्टी घालून, स्लॅबवरून सांधा ओलांडून भिंतीवर सहा इंच चढवला. सांध्यावरची जाळी ताणून बसवायची नाही, थोडी सैल, वळी ठेवूनच बसवायची. हे कामगाराच्या शेजारी उभं राहूनच करून घ्यावं लागतं, कारण त्याच्या हाताला सवय ताणून सपाट करायची.

त्या आधी पट्टीवरचा सुटलेला गिलावा पाडला होता. आत चिऱ्यांच्या मधली माती पाण्याने धुऊन बोटभर खोल गेलेली. दरजा खरवडून चुना आणि थोडं सिमेंट यांच्या मिश्रणाने भरल्या, वर तसाच मऊ गिलावा. निव्वळ सिमेंटचा कडक गिलावा मातीत रचलेल्या भिंतीवर फार दिवस धरत नाही.

या सगळ्यावर पत्रा. रंगीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची उभी पट्टी, वरची कड कौलांखाली, वाशांच्या पोटाशी, आणि खालची कड स्लॅबच्या दोन इंच वर येऊन थांबणारी. भिंतीवर चढवलेल्या लेपाला ती चार इंच झाकते. पत्रा भिंतीला चिकटवलेला नाही, लोखंडी पट्ट्यांवर पाऊण इंच अंतर राखून टांगलेला आहे, आणि स्लॅबला तो कुठेही अडकवलेला नाही. स्लॅब खाली जावो, वर येवो, पुढे सरको, पत्रा भिंतीबरोबर राहतो. झडीचं पाणी पत्र्यावरून उतरून उताराला लागतं. मागे एखादा तुषार गेलाच तर खालच्या फटीतून बाहेर येतो आणि हवा खेळत असल्याने भिंत वाळते. त्या फटीला बारीक जाळी मारली, नाहीतर पहिल्याच वर्षी तिथे गांधीलमाश्यांनी पोळं केलं असतं.

इथे कौलांची कड जवळ होती म्हणून पत्र्याची वरची बाजू सहज झाकली गेली. शहरातल्या बंगल्यात पोर्चच्या वर दोन मजले उंच विटांची भिंत असते, तिथे ही सोय नसते. तिथे पत्र्याची किंवा लेपाची वरची कड भिंतीत खाच मारून आत वळवावी लागते, स्लॅबच्या तयार पृष्ठभागापासून सहा इंच तरी वर, आणि खाच सीलंटने बंद करावी लागते. भिंतीवर नुसती चिकटवलेली कड दोन-तीन पावसाळ्यांत सुटते आणि मग ती पाणी अडवण्याऐवजी झेलून आत घेते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वापरणार असाल तर तो ओल्या सिमेंटला थेट टेकू देऊ नका, सिमेंटमधला क्षार त्याला खातो. मधे डांबरी रंगाचा हात हवा.

खालचा उंबरा

खालची दुरुस्ती कमी कौशल्याची पण जास्त धुळीची. भिंतीलगतची टाइल्सची पहिली ओळ उखडली तेव्हा खाली जुनी पायरी सापडली, चिऱ्याची, झिजून मधे खोलगट झालेली. ओटीतून पडवीत उतरायला वीतभर पायरी होती आणि ती भरावात गाडून वर टाइल बसवली होती. म्हणजे जोत्याचा वरचा भाग, जो पाण्यापासून वर राहावा म्हणूनच तेवढा उंच बांधला होता, तो आता ओल्या तांबड्या मातीला टेकला होता. वाळवीला यापेक्षा सोपा रस्ता कुठला?

अख्खा पोर्च खोदून खाली घ्यावा असं मला वाटत होतं, पण टाइल्स नव्या होत्या आणि पैसे आधीच खूप गेले होते. म्हणून भिंतीलगत आठ इंच रुंद आणि जुन्या पायरीएवढी खोल नाळी मोकळी ठेवली, तिला दोन्ही टोकांकडे उतार दिला, आत खडी भरली आणि दरवाज्यासमोर वर जाळीचं झाकण. पोर्चवरचं पाणी आता भिंतीला न टेकता नाळीत उतरतं आणि बाजूने बाहेर जातं. उंबरा तीन इंच उंच, काळ्या दगडाचा. चौकटीचे दोन्ही पाय सुताराने फूटभर कापून तिरक्या सांध्याने नवं लाकूड जोडलं आणि खाली दगडाची इंचभर बैठक दिली, म्हणजे लाकडाचं टोक पुन्हा फरशीतून पाणी पिणार नाही. वाळवीचं औषध नाळीच्या मातीत आधीच मारून घेतलं. अख्ख्या कामातला सगळ्यात महाग भाग हे सुतारकाम ठरलं.

हे सगळं मृगाच्या आत उरकायचं होतं, आणि देवगडात एप्रिल-मे म्हणजे आंबा. माणूस मिळत नाही. पत्रा लावणारा कारागीर शेवटी कणकवलीहून आला, तोही रविवारी.

पावसाळ्यानंतर

आतला बद्द वाजणारा गिलावा आणि तो रंग पूर्ण काढला आणि चिरा उघडा ठेवला. जाड भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब धरतात. सव्वा फुटाच्या भिंतीला त्या हिशेबाने वर्ष उलटून जातं. काकूंना गणपतीला उघडी भिंत नको होती, आणि त्यांचं बरोबरच होतं. पातळ चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचेच दोन हात दिले. चुन्यातून वाफ बाहेर जाते, भिंत वाळायची थांबत नाही. प्लॅस्टिक इमल्शन दिवाळीनंतरच्या दिवाळीपर्यंत नको, असं सांगून ठेवलं आहे. ते पाळलं जाईल याची मला खात्री नाही.

जूनच्या पहिल्या सरींत काही दिसलं नाही. जुलैत उत्तरेकडच्या टोकाला, वर, हातभर ओल उमटली. पत्रा जिथे संपतो तिथे त्याची बाजू उघडी होती आणि वायव्येकडून आलेली झड पत्र्यामागे शिरत होती. पत्र्याचा एक तुकडा काटकोनात वळवून भिंतीच्या कोपऱ्याभोवती घेतला, तेव्हापासून तो भाग वाळतो आहे. खालची ओल त्या पावसाळ्यात आली नाही. लोणा मात्र अजून फुटतो, कारण भिंतीच्या पोटातलं जुनं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. मे महिन्यात स्लॅबच्या पोटाशी, भिंतीच्या सांध्यावर, दोन टोकांना काचेच्या दोन पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. सांधा उघडत असेल तर काच तडकते. उत्तरेची शाबूत आहे. दक्षिणेची डिसेंबरात तडकलेली दिसली. दक्षिणेच्या खांबाखालचा भराव अजून बसतो आहे, आणि पन्हळीचा पाइपही नेमका त्याच खांबाच्या पायाशी उतरतो. सीलंट अजून धरून आहे आणि वर पत्रा असल्याने घरात पाणी येण्याची भीती नाही, पण त्या पाइपला पुढे दहा फुटांचा तुकडा जोडून पाणी माडांच्या आळ्यात सोडायला सांगितलं आहे. तिथे नवी काच चिकटवली आहे. ती येत्या पावसाळ्यानंतरही तडकली तर मग खांबाचा पाया उघडून पाहावा लागेल.